शिकवणी गणिताची, परीक्षा भाषेची

गणिताच्या खाजगी शिकवणीशी साहित्याच्या विद्यार्थ्याचा काय संबंध, असे कुणी विचारील. आमचे म्हणणे असे की, नंदुरबारसारख्या जिल्ह्यात हा प्रश्न आधी आपलाच आहे आणि आपण तो मुकाट्याने टाळला आहे.

1998 साली धुळ्यातून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात, 2011 च्या जनगणनेनुसार, दर दहांपैकी जवळजवळ सात माणसे अनुसूचित जमातींची आहेत. अक्राणी-अक्कलकुव्यात घरी भिली किंवा पावरी, नवापूरकडे मावची. तेथील मूल शाळेत येते तेव्हा त्याच्यापुढे गणिताआधी प्रमाण मराठी उभी राहते. ‘एकोणसत्तर’मध्ये सत्तर ऐकायचे आणि साठाच्या घरात लिहायचे. ‘पावणेदोनशे’ म्हणजे दोनशेला पंचवीस कमी, हे कुणी न सांगता जाणायचे. पुढे ‘मुद्दल’ आणि ‘द.सा.द.शे.’ आहेतच. उदाहरण पुष्कळदा आकडेमोडीत नव्हे, वाचनातच चुकते. निदान मात्र ठरलेले: ‘याचे गणित कच्चे.’

2019 मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘वीस एक’ अशी संख्यावाचनाची पद्धत आली, तेव्हा मराठीचे कैवारी खवळून उठले. मंगला नारळीकर मुलांच्या अडचणीविषयी बोलत होत्या. आपण विनोद करीत होतो. ती पद्धत निर्दोष होती असा आमचा आग्रह नाही. परंतु त्या गदारोळात अक्राणीचे मूल किती जणांना आठवले?

शिकवणीवाले ‘आत्मविश्वास’ देऊ म्हणतात, तेव्हा आपण नाक मुरडतो. ते चूक आहे. चांगली शिकवणी आत्मविश्वास खरोखरच देते. मुले मूठभर असतात, चुकण्याची मोकळीक असते, अडलेला शब्द घरच्या बोलीत उलगडता येतो आणि पाटीवर आकडा मांडण्याआधी शिक्षक म्हणतो, ‘काय विचारले आहे, ते तुझ्या शब्दांत सांग.’ यात खाजगी असे काय आहे? फी तेवढी खाजगी. मजुरीसाठी ऊसतोडीला जाणाऱ्या घराने ती कोठून द्यावी?

2009 च्या शिक्षण हक्क कायद्याचे 28 वे कलम शाळेच्या शिक्षकाला खाजगी शिकवणी मना करते. लगतचे 29 वे कलम सांगते की, शक्य तेथवर मातृभाषेतून शिकवावे, मुलाला भयमुक्त करावे. म्हणजे शिकवणी जे विकते, ते कायद्याने शाळेचेच देणे आहे. हे अशक्यही नाही: नर्मदाकाठच्या जीवनशाळांनी 1990 च्या दशकात मुलांच्या बोलीपासूनच आरंभ केला होता.

खानदेशातच, चाळीसगावजवळच्या पाटण येथे, 1207 चा शिलालेख आहे. भास्कराचार्यांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्यांचा नातू चांगदेव याने मठ स्थापला; त्या मठाला बाजारातल्या उत्पन्नाचा वाटा दिल्याचे लेखाच्या मराठी भागात कोरले आहे. त्या मठात प्रवेश कुणाला होता, हा प्रश्न वेगळा. पण आपण एम. ए. च्या वर्गात त्या ओळींतल्या विभक्ती मोजतो आणि गणित शिकवण्याचा भार गावाने उचलावा हा त्यांचा अर्थ सोडून देतो.

बोलींवर प्रबंध लिहिणाऱ्या मराठी विभागांनी पावरी-मावचीतल्या मोजमापाच्या आणि देवघेवीच्या शब्दांची एक साधी पुस्तिका शिक्षकांच्या हाती द्यावी. तेवढेही होत नसेल, तर शिकवणीवाल्यांना नावे ठेवण्याचा अधिकार आपल्याला नाही.