विकत घेतलेल्या गाण्यांचा हिशेब

नागपूरच्या धर्मांतर सोहळ्यानंतर दोनच दिवसांनी, म्हणजे १६ ऑक्टोबर १९५६ रोजी, डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या उपस्थितीत चांद्याला दुसरा दीक्षा समारंभ झाला. बॅरिस्टर राजाभाऊ खोब्रागडे यांच्या पुढाकाराने झालेल्या त्या समारंभाच्या स्मरणार्थ दरवर्षी १५ व १६ ऑक्टोबरला चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर जनसमुदाय लोटतो. मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरी, आरमोरी, वडसा, गडचिरोली अशा गावांहून माणसे येतात, वंदना करतात, भाषणे ऐकतात आणि परतताना काहीतरी विकत घेऊन जातात. कोणी पुस्तक घेतो, कोणी तथागतांची प्रतिमा घेतो. १९८० नंतरच्या दोन दशकांत या खरेदीत आणखी एका वस्तूची भर पडली होती. ती वस्तू म्हणजे भीमगीतांची कॅसेट.

आज ती वस्तू बाजारातून गेली. तिच्याबरोबर काय गेले आणि काय उरले, याचा विचार मात्र अद्याप गंभीरपणे झालेला नाही.

त्या काळातील एक घर डोळ्यांसमोर आणावे. कर्ता माणूस बल्लारपूरच्या कागद गिरणीत किंवा कोळशाच्या खाणीत कामाला आहे, अथवा एखाद्या जंगलपट्टीतील शाळेत शिक्षक आहे. घरात एक टू-इन-वन आहे. वीज बेभरवशाची, म्हणून त्यात सेल घालावे लागतात आणि सेल संपत आले की गायकाचा आवाज जाड व संथ होत जातो. अशा घरात कॅसेट घेणे हा सहज सुचलेला खर्च नसे. त्यासाठी दुसरा एखादा खर्च पुढे ढकलावा लागे. दुकानदाराला एखादे गाणे वाजवून दाखवायला सांगावे, वेष्टनावरील नावे वाचावीत, मग खिशात हात घालावा, असा तो व्यवहार होता. घरी आणलेली कॅसेट एका घराची राहत नसे. ती शेजारी जाई, लग्नाच्या मांडवात वाजे, जयंतीच्या दिवशी विहाराच्या कर्ण्यातून सबंध वस्तीला ऐकू येई. फीत गुंतली तर पेन्सिलीने गुंडाळावी, तुटली तर चिकटपट्टीने जोडावी, इतकी तिची काळजी घेतली जाई.

ज्यांनी विशीत ही कॅसेट विकत घेतली, ते आज साठीत आहेत. नातवाच्या मोबाईलवर तेच गाणे अवचित ऐकू येते, तेव्हा त्यांच्या मनात केवळ जुन्या दिवसांची हुरहूर दाटत नाही. त्या गाण्याविषयीचे त्यांचे मतही बदललेले असते. तेव्हा आवडलेले काही आता उणे वाटते आणि तेव्हा दुर्लक्षिलेले काही आता मोलाचे वाटते. रसिकाने आपल्याच आवडीची अशी फेरतपासणी करणे ही समीक्षाच होय. फरक इतकाच, की ती ओसरीवर होते आणि तिथेच विरते.

अन्यत्र असे घडत नाही. इंग्लंडमधील बीटल्स या चौघांच्या चमूची ‘सार्जंट पेपर’ ही तबकडी १९६७ साली निघाली. पन्नास वर्षांनी, २०१७ मध्ये, जपून ठेवलेल्या मूळ फितींवरून तिची नवी आवृत्ती काढण्यात आली. त्या निमित्ताने जुन्या चाहत्यांनी ती कधी घेतली, पहिल्यांदा काय वाटले आणि आता काय वाटते, हे पुन्हा मांडले. तिचा मोठेपणा पूर्वी वाटला तेवढा आहे काय, यावर तिथे मोकळेपणाने वाद होतात. त्या गाण्यांना अशी फेरतपासणी लाभते आणि चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवरून घरोघर गेलेल्या गाण्यांना लाभत नाही, याचे कारण गाण्यांच्या गुणवत्तेत शोधू जाणे चुकीचे ठरेल. ते कारण मूळ फिती न जपण्यात आहे आणि विकत घेणाऱ्याच्या मताला किंमत न देण्यात आहे.

कॅसेटने नेमके काय बदलले, हे आधी ध्यानात घेतले पाहिजे. फिलिप्स कंपनीने १९६३ साली हा प्रकार प्रथम बाजारात आणला; भारतात तो सर्वसामान्यांच्या हाती येण्यास १९७० नंतरच्या दशकाची अखेर उजाडली. तोपर्यंत ध्वनिमुद्रणाच्या व्यवसायावर एचएमव्ही या एकाच नावाची जवळपास मक्तेदारी होती. तबकडी काढणे खर्चाचे काम असल्याने कोणाचा आवाज मुद्रित व्हावा, हे मोठ्या शहरातील मोजक्या व्यक्ती ठरवीत. कॅसेटमुळे हा खर्च उतरला, लहान कंपन्या उभ्या राहिल्या आणि ज्या गायन पार्ट्यांना पूर्वी ध्वनिमुद्रणाचे दार बंद होते, त्यांचा आवाज प्रथमच बाजारात आला.

ही परंपरा अर्थातच कॅसेटच्या आधीची आहे. भीमराव कर्डक यांच्या आंबेडकरी जलशांपासून ती चालत आलेली आहे. मुंबईत कष्टाची कामे करीत असताना ज्यांना अक्षरओळख झाली, त्या वामनदादा कर्डकांनी पुढे हजारो गीते रचली आणि गावोगाव हिंडून ती गायिली. विठ्ठल उमप, प्रल्हाद शिंदे यांच्यासारख्या गायकांनी भीमगीत दूरवर नेले. विदर्भात कव्वालीचे सामने रात्र रात्र रंगत. एका पार्टीने सवाल टाकावा, दुसरीने गाण्यातून उत्तर द्यावे, मध्येच शेर म्हणावा, एखादा प्रसंग समजावून सांगावा, असा तो प्रकार. कॅसेटने या रात्रभराच्या कार्यक्रमाला तासाभरात आणि दोन बाजूंत बसविले.

जुना श्रोता आज फेरविचार करू लागतो, तेव्हा पहिली गोष्ट त्याच्या लक्षात येते ती हीच. कॅसेटवरील गाणे नेटके आहे. पण सामन्यातील हजरजबाबीपणा त्यात नाही, गाण्याच्या ओघात होणारे प्रबोधन त्यात नाही. उलट, कॅसेटचा एक गुण त्याला आता कळतो, जो तेव्हा कळला नव्हता. कॅसेटमध्ये मधले गाणे सहजी वगळता येत नसे. त्यामुळे सबंध बाजू क्रमाने ऐकावी लागे आणि एक गाणे संपताच पुढचे आपोआप ओठांवर येई. गाण्यांच्या क्रमालाही अर्थ असतो. मोबाईलवर सुटे सुटे ऐकणाऱ्याला हा क्रम माहीत नाही.

दुसरा फेरविचार चालींविषयी आहे. अनेक भीमगीते लोकप्रिय चित्रपटगीतांच्या चालींवर बांधलेली होती. महाविद्यालयात गेलेल्या पहिल्या पिढीतील तरुणांना त्याचा संकोच वाटे. विचार इतका थोर आणि चाल उसनी, हे त्यांना खटकत असे. आज तेच लोक वेगळ्या दृष्टीने पाहू शकतात. ज्या माउलीला वाचता येत नव्हते, तिला ओळखीच्या चालीमुळे नवे शब्द एका रात्रीत पाठ झाले. चाल हे तेथे वाहन होते. अर्थात या युक्तिवादाने सगळ्याच उसन्या चालींचे समर्थन होत नाही. काही ठिकाणी चालीचा उडतेपणा आशयाला मारतो, हेही प्रामाणिकपणे म्हटले पाहिजे.

तिसरा मुद्दा गायकांचा. प्रल्हाद शिंदे यांनी विठ्ठलाची भक्तिगीतेही गायिली आणि भीमगीतेही. ज्याने नुकतेच देव्हाऱ्यातील देव विसर्जित केले, त्याला हे कोडे वाटणे स्वाभाविक होते. वयाबरोबर हे कोडे सुटते. गाणे ही त्या कलावंताची रोजीरोटी होती, आणि त्या काळातील महाराष्ट्राची दोन अंगे एकाच कंठात नांदत होती, हे मान्य करण्यास मोठे मन लागते. २००४ साली वामनदादा आणि प्रल्हाद शिंदे हे दोघेही गेले. विठ्ठल उमप यांना तर २०१० मध्ये नागपूरच्या दीक्षाभूमीवरील कार्यक्रमातच मृत्यूने गाठले.

चौथा मुद्दा सर्वांत नाजूक आहे, म्हणून तो टाळून चालणार नाही. बाबासाहेबांनी १९४३ साली पुण्यात न्यायमूर्ती रानडे यांच्यावर दिलेल्या व्याख्यानात विभूतिपूजेचा समाचार घेतला होता. २५ नोव्हेंबर १९४९ च्या घटना समितीतील भाषणात राजकारणातील भक्तीचा मार्ग हुकूमशाहीकडे नेतो, असा इशाराही त्यांनी दिला. या कसोटीला कॅसेटींतील गाणी कितपत उतरतात? काही गाणी शिक्षण, व्यसनमुक्ती, संघटन यांचा आग्रह धरतात. काहींत मात्र केवळ गुणगानच आहे. जुना श्रोता आज हा भेद करतो. पण तो हेही जाणतो, की ज्यांच्या नावाने शतकानुशतके कोणी गाणे रचले नव्हते, त्यांनी प्रथमच आपल्या माणसाचे नाव उंच स्वरात घेतले, त्यातील कृतज्ञतेला निव्वळ भक्ती म्हणून मोडीत काढणे अन्यायाचे होईल. ही दोन्ही मते एकाच वेळी मनात बाळगता येणे, हेच परिपक्व रसिकतेचे लक्षण आहे.

नव्या पिढीला याची गरज अधिक आहे. मुंबईच्या ‘धम्म विंग्ज’ या चमूने बुद्ध-भीम विचार गिटार आणि ड्रमच्या साथीने रॉक संगीतात आणला. चेन्नईत २०१८ पासून ‘द कास्टलेस कलेक्टिव्ह’ हा वाद्यवृंद जातिअंताची गाणी गात आहे. छत्रपती संभाजीनगरच्या कडुबाई खरात यांचा एकतारीवरील आवाज मोबाईलमुळेच घरोघर पोहोचला. नवे गाणारे जुन्यांचे वारस आहेत. पण वारसा काय आहे, हे ठाऊक असल्याशिवाय तो पुढे नेता येत नाही आणि त्यातील दोष टाळताही येत नाहीत.

यावर कोणी म्हणेल, जुनी गाणी महाजालावर वाटेल तेवढी सापडतात. मग चिंता कशाची? सापडतात हे खरे, परंतु कशी? कोणत्या कॅसेटमधले, कोणत्या वर्षीचे, कवी कोण, ढोलकी कोणाची, याचा पुष्कळदा पत्ता नसतो. वामनदादांसारखे कवी शेवटच्या कडव्यात आपले नाव गुंफीत. ते कडवे गळले, की कवीही गळतो. शिवाय खासगी हौसेने चढविलेले गाणे उद्या कोणत्याही कारणाने उतरविले जाऊ शकते. मूळ कॅसेटींची स्थिती तर याहून बिकट आहे. चंद्रपूरचा उन्हाळा आणि गडचिरोलीचा पावसाळा या दोहोंपुढे चुंबकीय फितीचा निभाव लागणे कठीण. उष्णतेने ती ताणते आणि दमटपणाने तिला बुरशी धरते.

कायद्याची स्थितीही विचार करण्यासारखी आहे. १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्याने प्रकाशित पुस्तकाची प्रत कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला आणि अन्य ठरावीक ग्रंथालयांना देणे प्रकाशकावर बंधनकारक आहे. त्या कायद्यात ध्वनिफितीचा समावेश नाही. त्यामुळे चार कवितांची पुस्तिका राष्ट्राच्या संग्रहात जाऊ शकते. लक्षावधींच्या कानांवर पडलेली कॅसेट मात्र कोठेही जमा होत नाही. उलट स्वामित्वहक्काची मुदत प्रसिद्धीनंतर ६० वर्षांची आहे. म्हणजे १९८५ सालची कॅसेट २०४५ अखेरपर्यंत मुक्त होणार नाही. तोपर्यंत फीत टिकणे दुरापास्त. सुदैवाने २०१२ च्या दुरुस्तीने एक वाट मोकळी केली आहे. ना-नफा तत्त्वावरील सार्वजनिक ग्रंथालयाच्या संग्रहात एखादी कृती आधीपासून असेल, तर जतनासाठी तिची इलेक्ट्रॉनिक प्रत करून ठेवता येते. म्हणजे कायदा आड येत नाही. इच्छा आड येते.

इंग्लंडमध्ये १९५५ सालीच मुद्रित ध्वनीच्या जतनासाठी स्वतंत्र संस्था उभी राहिली आणि पुढे ती ब्रिटिश लायब्ररीत विलीन झाली. या दोन जिल्ह्यांनाही फार दूर पाहण्याचे कारण नाही. २०११ साली स्थापन झालेल्या गडचिरोलीच्या गोंडवाना विद्यापीठाचे कार्यक्षेत्रच चंद्रपूर व गडचिरोली हे आहे. विद्यापीठाने मनावर घेतले, तर महाविद्यालयांतील विद्यार्थी सुट्टीत आपापल्या गावच्या पेट्या उघडू शकतील. कॅसेट, तिचे वेष्टन, तिच्यावरील नावे आणि ती विकत घेणाऱ्याची आठवण, या चारही गोष्टींची एकत्र नोंद झाली पाहिजे. त्यातही शेवटची नोंद सर्वांत निकडीची. फितीची दुसरी प्रत एखादे वेळी दुसऱ्या गावी मिळेल. माणसाच्या आठवणीची दुसरी प्रत नसते.

वनांच्या या प्रदेशात सर्व मूलभूत सोयींची वानवा असताना गाण्यांसाठी पैसा कशाला, असा आक्षेप येईल. तो अप्रामाणिक नाही. परंतु येथून किती टन कोळसा निघाला, किती बांबू गिरणीला गेला आणि किती घनमीटर साग तोडला, याची नोंद सरकारदरबारी वर्षानुवर्षे ठेवली गेली आहे. तो कोळसा काढणाऱ्या आणि तो बांबू तोडणाऱ्या माणसाने संध्याकाळी काय ऐकले, कशासाठी पोटाला चिमटा घेतला आणि पुढे त्याविषयी त्याचे काय मत झाले, याची नोंद ठेवण्यास लागणारा खर्च त्या मानाने नगण्य आहे.

येत्या १६ ऑक्टोबरला चंद्रपूरच्या दीक्षाभूमीवर पुन्हा गर्दी होईल. त्या गर्दीत अशी पुष्कळ माणसे असतील, ज्यांच्या घरी माळ्यावरच्या पेटीत पाच-पंचवीस कॅसेटी पडून आहेत. त्यांना त्या टाकवत नाहीत आणि त्या वाजविण्याचे साधनही त्यांच्यापाशी उरलेले नाही. पुस्तकांच्या दुकानांशेजारी एक टेबल मांडून कोणी त्यांना एवढेच विचारले, की ही कधी घेतली आणि आज ती कशी वाटते, तरी कामाला प्रारंभ होईल.