बूट चावल्याचे पायाला कळते का?

सकाळी साडेसहाच्या सुमारास बेटेगावातून बोईसरकडे जाणाऱ्या रस्त्याच्या कडेने दोन तऱ्हेचे लोक चालताना दिसतात. काही जण डॉक्टरांनी ‘रोज चाला’ असे बजावल्यामुळे निघालेले, तर काही तारापूर औद्योगिक वसाहतीतल्या पहिल्या पाळीला निघालेले. पहिल्यांच्या पायात मुलाने ऑनलाइन मागवलेला बूट किंवा रोजचीच स्लीपर असते. दुसऱ्यांच्या पायात कंपनीने दिलेला सेफ्टी शू. ‘हा बूट पायाला नीट बसतो का?’ हा प्रश्न मात्र दोघांनाही सहसा कोणी विचारलेला नसतो.

विचारला जातो तो नंबर. ‘माझा आठ नंबर’ हे उत्तर आपण वर्षानुवर्षे देत राहतो. पण वयाबरोबर आणि वजनाबरोबर पाय पसरतो. शिवाय नंबरातून प्रामुख्याने लांबी कळते, रुंदी नाही. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने २०२१-२२ मध्ये देशभरातील एक लाखाहून अधिक लोकांच्या पायांची मापे घेतली. भारतीयांचे पाय युरोपीय लोकांच्या पायांपेक्षा रुंद असल्याचे त्यात आढळले आणि ‘भा’ नावाची स्वतंत्र मापपद्धती सुचवण्यात आली. आज दुकानात मिळणारे बरेचसे बूट ब्रिटिश किंवा युरोपीय मापांवर बेतलेले असतात. मग रुंदी पुरावी म्हणून लोक एक नंबर मोठा बूट घेतात, तो टाचेतून सुटतो, म्हणून लेस करकचून आवळतात. भोवरी, काळी पडलेली नखे आणि टाचेवरचे फोड हे पुष्कळदा याच हिशेबाचे फळ असते.

मग बूट निवडायचा कसा? दुकानदार तळव्याची कमान पाहून महागडा बूट सुचवतो. अमेरिकेच्या लष्करात, हवाई दलात आणि मरीन दलात नव्या भरतीतील जवानांना तळव्याच्या आकारानुसार बूट देऊन पाहिले गेले. सरसकट एकाच प्रकारचा बूट मिळालेल्यांच्या तुलनेत त्यांच्या दुखापती फारशा कमी झाल्या नाहीत. कॅनडातील कॅलगरी विद्यापीठाचे बेनो निग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये असे मांडले की, पायाला जो बूट आरामदायी वाटतो तोच निवडावा. हे काम धावण्याच्या बुटांवरचे असले, तरी चालणाऱ्यालाही त्यातून घेण्यासारखे आहे. बूट दुकानातच चावत असेल, तर ‘वापरून सैल होईल’ या भरवशावर तो घेऊ नये. कातडे थोडे सैल होते, रेक्झिन फारसे होत नाही.

खरेदी संध्याकाळी करावी, कारण दिवसभरात पायाला थोडी सूज येते. नेहमीचे मोजे घालून, दोन्ही पायांत बूट चढवून उभे राहावे. सर्वांत लांब बोटापुढे अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा हवी. हे बोट कित्येकांत अंगठा नसून त्याशेजारचे असते. आतले सोल बाहेर निघत असेल, तर ते जमिनीवर ठेवून त्यावर उभे राहावे. पाय कडेने बाहेर आला, तर बूट अरुंद आहे. बूट वाकवला की बोटे जिथे वाकतात तिथेच तो वाकायला हवा, मधोमध नाही. ओल्या टॉवेलासारखा पिळला जाणारा बूट नको. टाचेभोवतीचा भाग दाबून पाहावा. तो घट्ट हवा. जुना बूट टेबलावर ठेवून मागून पाहावा. तो एका बाजूला कलला असेल, तर त्याचे आयुष्य संपले. आपल्याकडच्या पावसात एकच बूट रोज ओला राहिला की चिखल्या ठरलेल्या. परवडत असेल तर दोन जोड आलटून पालटून वापरावेत. नाहीतर रात्री आत वर्तमानपत्राचे बोळे कोंबून बूट सुकवावा.

या सगळ्याला एक मोठा अपवाद आहे. आरामावर विसंबायचे, तर पायाला संवेदना हवी. आयसीएमआरच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासानुसार देशात सुमारे १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. त्यांतल्या अनेकांचे तळवे हळूहळू बधिर होतात. अशा माणसाला योग्य मापाचा बूट सैल वाटतो आणि घट्ट बूट ‘बरोबर’ वाटतो, कारण पायाला जाणवतो तो तेवढाच. वेल्लोरला कुष्ठरुग्णांवर उपचार करणाऱ्या डॉ. पॉल ब्रँड यांनी दाखवून दिले होते की, बधिर पायावरच्या जखमा मुख्यतः न जाणवणाऱ्या दाबामुळे आणि घासण्यामुळे होतात. मऊ रबराच्या ‘एमसीआर’ चपला कुष्ठरुग्णांना आजही दिल्या जातात, त्या याचसाठी. मधुमेहींच्या पायाला तोच धडा लागू आहे. त्यांनी बूट पायाच्या भरवशावर न घेता डोळ्यांनी आणि हाताने तपासून घ्यावा. घालण्यापूर्वी बूट झटकून आत हात फिरवावा, नवा बूट पहिल्या दिवशी तासभरच घालावा आणि काढल्यावर पायावर लाली आली आहे का ते पाहावे.

सेफ्टी शूची गोष्ट याहून नाजूक आहे. त्याची पोलादी टोपी २०० ज्यूलचा आघात सोसते का, हे मानकानुसार तपासले जाते. पण ती टोपी कधीच सैल होत नाही. करंगळीला लागली, तर पाळी संपेपर्यंत लागतच राहते. मानकाची खूण बुटाची हमी देते, पायाची नाही. म्हणून बूट वाटताना कामगारांकडून नुसते नंबर लिहून घेणे पुरेसे नाही. वर्षातून एकदा दोन्ही पाय मोजावेत, रुंद पायांसाठी रुंद बूट मागवावेत. कारखान्यांत आणि गावांत आरोग्य शिबिरे होतात, साखर आणि रक्तदाब मोजला जातो; तिथेच मोजे काढायला लावून पाय आणि बूट पाहावेत. तळव्याला नायलॉनचा तंतू टेकवून संवेदना तपासायला काही मिनिटे पुरतात. न जाणवलेल्या फोडाची जखम होऊन पायाचे बोट गमवावे लागण्यापेक्षा ही मिनिटे नक्कीच स्वस्त आहेत.

‘चाला’ हा सल्ला फुकट देता येतो. पण तो देणाऱ्याने समोरच्याच्या पायांत काय आहे, हेही एकदा वाकून पाहायला हवे.