गुडघ्यात गादी पुन्हा उगवते म्हणे!

शहरात कुठेही फिरा, रिक्षाच्या पाठीवर किंवा सोसायटीच्या सूचनाफलकावर ही जाहिरात भेटतेच. डावीकडे लालभडक सुजलेला गुडघा, उजवीकडे तोच गुडघा नितळ निळा, आणि मध्ये एक सुई. खाली मजकूर असतो: ऑपरेशन नको, वाटी बदलायला नको, तुमच्याच रक्तातून झिजलेली गादी पुन्हा भरून काढू. शिबिर मोफत, तपासणी मोफत. सुई मात्र मोफत नसते, आणि बहुधा एकीवर भागतही नाही. डॉक्टरांनी सांध्यात इंजेक्शन द्यावं की नाही, हा माझा वाद नाही. गादी उगवते असं छातीठोक सांगून ते विकावं का, एवढाच वाद आहे.

आधी त्यांची बाजू नीट मांडू. या उपचाराचं नाव पीआरपी, म्हणजे प्लेटलेटनं समृद्ध केलेला प्लाझ्मा. दंडाच्या शिरेतून थोडं रक्त काढतात, नळी यंत्रात गरगर फिरवतात. तांबड्या पेशी तळाला बसतात, वर पिवळसर प्लाझ्मा राहतो आणि दोहोंच्या मधे सायीसारखा पांढुरका थर धरतो. प्लेटलेट दाट असलेला भाग सुईत ओढून सांध्यात सोडतात. जखम झाली की प्लेटलेट तिथे जमतात, वाढीला चालना देणारी प्रथिनं सोडतात आणि जखम भरते. मग ती मुद्दाम सांध्यात नेऊन सोडली तर सांधा का भरणार नाही? तर्क देखणा आहे, आणि तो मांडणारे सगळे लबाड आहेत असं मी मुळीच म्हणत नाही.

पण बोट कापणं वेगळं आणि गुडघा झिजणं वेगळं. बोटाला रक्तवाहिन्या असतात, सांध्यातल्या कूर्चेला, म्हणजे जिला गादी म्हणतात तिला, नसतात. कूर्चेत पेशी विरळ असतात, आणि त्याही घट्ट जाळ्यात अडकलेल्या. निरोप पोचला तरी कामाला येणारे हात थोडे. त्यामुळे तर्क बाजूला ठेवून मोजमापच पाहायला हवं, आणि ते झालेलं आहे. ऑस्ट्रेलियात गुडघ्याची सौम्य ते मध्यम झीज असलेल्या २८८ लोकांवर चाचणी झाली. निम्म्यांना दर आठवड्याला एक अशी तीन पीआरपी इंजेक्शनं दिली, निम्म्यांना नुसतं मिठाचं पाणी. कोणाला काय मिळालं हे रुग्णांना कळू दिलं नाही. २०२१ साली निष्कर्ष छापून आले. वर्षभरानंतर दहापैकी गुण देऊन मोजलेलं दुखणं पीआरपीवाल्यांचं २.१ नी कमी झालं होतं आणि मीठपाणीवाल्यांचं १.८ नी. एमआरआयवर कूर्चा मोजली तेव्हा ती दोन्ही गटांत घटलेली निघाली, पीआरपीच्या गटात १.४ टक्के आणि मीठपाण्याच्या गटात १.२. उगवणं दूरच, झीज थांबलीसुद्धा नव्हती.

यावर पहिलं उत्तर येतं ते अनुभवाचं. 'आमच्या काकूंना बरं वाटलं ना!' वाटलं असणारच, काकू खोटं बोलत नाहीत. मीठपाणी घेतलेल्यांनाही जवळपास तेवढंच बरं वाटलं होतं. गुडघेदुखी चढते-उतरते, आणि माणूस डॉक्टरकडे जातो तो दुखणं शिगेला पोचल्यावर. तिथून ते आपोआपही थोडं उतरतं. त्यात सुईचा विश्वास आणि 'चार दिवस जपून राहा' हा सल्ला, एवढ्यावर बराच फरक पडतो. हा फरक खोटा नाही, पण त्याचं श्रेय गादीला देता येत नाही.

दुसरं उत्तर खेळाडूंचं. २००९ च्या सुपर बोलच्या तोंडावर अमेरिकन फुटबॉलपटू हाइन्स वॉर्डनं दुखावलेल्या गुडघ्यात पीआरपी घेतलं, सामना खेळला, संघ जिंकला, आणि या सुईला सोन्याचे दिवस आले. पण त्याचं दुखावलं होतं ते गुडघ्याच्या आतल्या बाजूचं लिगामेंट. ते अर्धवट फाटलं असेल तर पट्टा, विश्रांती आणि व्यायामावर काही आठवड्यांत बहुधा आपसूक जुळतं. त्याच्या बाबतीत सुईनं किती केलं आणि शरीरानं किती, हे एका माणसावरून सांगता येणार नाही. जागतिक उत्तेजकविरोधी संस्थेनं २०१० साली स्नायूंतल्या पीआरपीवर बंदी घातली होती, ती पुढच्याच वर्षी उठवली. खेळाडूला त्यातून अवास्तव बळ मिळतं असा पुरावाच नव्हता.

एसीएलचं, म्हणजे सांध्याच्या मधोमध असलेल्या लिगामेंटचं, प्रकरण तर याहून बोलकं आहे. कबड्डीत पकड करताना पाय रोवलेला राहतो, अंग वळतं, आतून कट्कन आवाज येतो आणि संध्याकाळपर्यंत गुडघा फुगतो. हे लिगामेंट पूर्ण तुटलं की सहसा जुळत नाही, कारण तुटल्या टोकांवर धरायला हवी ती रक्ताची गुठळी सांध्यातल्या द्रवात टिकत नाही. मग बाहेरून सुईनं सोडलेला प्लाझ्मा तिथे कसा टिकावा? बोस्टनच्या मार्था मरे यांनी हाच प्रश्न वर्षानुवर्षं लावून धरला आणि त्यातून कोलाजनचा एक स्पंज तयार झाला. रुग्णाच्याच रक्तात तो भिजवायचा आणि शस्त्रक्रिया करून तुटल्या टोकांमध्ये बसवायचा. २०२० च्या डिसेंबरात त्याला अमेरिकेत परवानगी मिळाली. पुनर्निर्माणाचं विज्ञान खरं आहे, ते असं संथ आणि नेमकं चालतं. शनिवारच्या शिबिरात ते उरकत नाही.

आता त्यांच्या भात्यातला सगळ्यात जोरकस बाण. 'त्या ऑस्ट्रेलियन चाचणीत प्लेटलेटचं प्रमाण कमी होतं, आमचं पीआरपी वेगळं आहे.' यात तथ्य आहे. एका यंत्रातून निघालेलं पीआरपी दुसऱ्यासारखं नसतं, पांढऱ्या पेशी ठेवायच्या की गाळायच्या यावरही एकमत नाही. सांध्यात वंगण म्हणून टोचल्या जाणाऱ्या हायलुरोनिक आम्लापेक्षा पीआरपी सरस ठरल्याच्या लहान लहान चाचण्या बऱ्याच आहेत, आणि अमेरिकेतल्या अस्थिशल्यतज्ज्ञांच्या संघटनेनं 'दुखणं कमी होऊ शकेल' असं मर्यादित मत दिलंही आहे. पण तिथल्याच संधिवाततज्ज्ञांच्या संघटनेनं २०१९ साली गुडघ्यासाठी ते देऊ नये असं ठामपणे सांगितलं, आणि एक कारण दिलं ते नेमकं हेच, की नळीत काय आहे ते ठरलेलं नाही. डोस एवढा महत्त्वाचा असेल तर माझ्या नळीत किती प्लेटलेट होत्या, हे मला कागदावर मिळायला नको का? साध्या रक्त तपासणीच्या अहवालात प्लेटलेटचा आकडा असतो. हजारो रुपयांच्या इंजेक्शनच्या बिलावर तो का नसावा?

गादीच्या याच आशेवर मूळपेशींच्या, म्हणजे स्टेम सेलच्या, नावानं चालतं ते आणखी जपून घ्यावं. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांनी रक्ताच्या ठरावीक आजारांपलीकडे मूळपेशींचा वापर फक्त मंजूर चाचणीतच करावा असं बजावलं. पुढे २०२२ मध्ये दात्याच्या अस्थिमज्जेपासून बनवलेल्या एका भारतीय उत्पादनाला गुडघ्याच्या झिजेसाठी औषध महानियंत्रकांची परवानगी मिळाली, ती चाचण्यांच्या पायऱ्या चढून. त्या परवानगीच्या आडून पोटाची चरबी उपसून तासाभरात 'मूळपेशी' टोचणाऱ्यांना काही आधार मिळत नाही. २०२३ साली अमेरिकेत ४७५ रुग्णांवर अस्थिमज्जा, चरबी आणि नाळ अशा तिन्ही ठिकाणच्या पेशींची स्टेरॉइडशी तुलना झाली. वर्षअखेर एकही सरस ठरली नाही. 'आपलंच आहे, अपाय तर नाही' हे तर सगळ्याच सुयांना लागू नाही. नाळेच्या रक्तापासून बनवलेल्या इंजेक्शनांनी २०१८ साली अमेरिकेत बारा जणांना जंतुसंसर्गापायी रुग्णालयात पोचवलं होतं.

म्हणून स्टेरॉइड चांगलं असंही नाही. दर तीन महिन्यांनी दोन वर्षं ते टोचत राहिल्यावर मीठपाण्यापेक्षा कूर्चा जास्त झिजली आणि दुखण्यात फरक पडला नाही, हे २०१७ मध्ये दिसलं आहे. वारंवार स्टेरॉइडपेक्षा पीआरपी बरं, असं एखादे डॉक्टर म्हणाले तर मी वाद घालणार नाही.

मग करायचं काय? मांडीच्या पुढच्या स्नायूंचा व्यायाम. ऐकूनच लोकांचा चेहरा पडतो. पण २०२० साली गुडघ्याच्या झिजेत फिजिओथेरपी आणि स्टेरॉइड समोरासमोर ठेवले तेव्हा वर्षाअखेर फिजिओथेरपी पुढे होती. जाड माणसाचं वजन एक किलोनं उतरलं की दर पावलाला गुडघ्यावरचा भार सुमारे चार किलोंनी उतरतो. तुटलेल्या एसीएलबाबतही स्वीडनमधल्या १२१ तरुणांच्या चाचणीत निम्म्यांना आधी व्यायाम आणि गरज पडली तरच शस्त्रक्रिया, असं ठरवून दिलं होतं. पाच वर्षांनी त्यांतल्या जवळपास निम्म्यांना शस्त्रक्रिया लागलेलीच नव्हती, आणि गट म्हणून त्यांचे गुडघे लगेच शस्त्रक्रिया केलेल्यांपेक्षा वाईट नव्हते. ताणलेल्या कंडरा आणि लिगामेंट भार पेलत पेलतच बळकट होतात. फक्त हा उपचार रोज, महिनोन्महिने आणि स्वतःलाच करावा लागतो, त्यामुळे त्याची जाहिरात रिक्षामागे कोणी लावत नाही.

तीन महिने नीट व्यायाम करूनही गुडघा छळतोच आहे, वाटी बदलण्याची वेळ आलेली नाही आणि खिशाला झेपतं, असं असेल तर पीआरपी घेऊन पाहायला हरकत नाही, पण ते दुखणं कमी व्हावं म्हणून, गादीच्या आशेनं नव्हे. सुई घेण्याआधी डॉक्टरांना प्लेटलेटचा आकडा लेखी मागा. गादी भरेल असं ते म्हणाले, तर तेही लेखी मागा. दुसऱ्या कागदावर सही करायला ते कचरले, तर उठून फिजिओकडे जा.