तेलाची वाटी उचलण्यापूर्वी



आश्विन सरत आला की लातूर-नांदेडच्या शिवारांत सोयाबीनच्या काढणीची घाई आणि घराघरांत दिवाळीची लगबग एकाच वेळी सुरू होते. दिवसभर विळा घेऊन वाकलेली कंबर रात्री अंथरुणाला टेकताना कळवळते. मग घरातील कोणीतरी वाटीत तेल कोमट करून आणते. नरक चतुर्दशीचे अभ्यंगस्नान वर्षातून एकदा येते. कष्टकऱ्यांच्या घरी मात्र तेल लावून अंग चोळणे हा बारमाही उपचार आहे. त्याचा गुण कोणता आणि त्याची मर्यादा कोठे, हे आज पाहू.

वाग्भटाने ‘अष्टांगहृदया’त दिनचर्या सांगताना रोज अभ्यंग करावा, मस्तक, कान व तळपाय यांकडे विशेष लक्ष द्यावे, असे म्हटले आहे. पण त्याच ठिकाणी कफाने ग्रासलेल्यांनी, नुकतीच शोधनक्रिया झालेल्यांनी आणि अजीर्ण झालेल्यांनी अभ्यंग टाळावा, असेही बजावले आहे. ज्या ग्रंथाने मर्दनाची थोरवी गायिली, त्यानेच त्याचा निषेधही सांगितला. आपण थोरवी लक्षात ठेवली आणि निषेध विसरलो.

आधुनिक वैद्यकाचा निष्कर्षही असाच संयमी आहे. कंबरदुखीवरील मर्दनाच्या २५ चाचण्यांचा, म्हणजे ३ हजारांहून अधिक रुग्णांचा, एकत्रित आढावा कॉक्रेन या संस्थेने २०१५ साली प्रसिद्ध केला. मर्दनाने काही काळ वेदना उतरते, परंतु हा लाभ दीर्घकाळ टिकत असल्याचे दिसत नाही आणि उपलब्ध पुरावाही भक्कम नाही, असे त्यात आढळले. तेव्हा मर्दन हा रोगाचा निकाल नव्हे. ती वेदनेला दिलेली विश्रांती आहे. त्या विश्रांतीचा उपयोग चालण्यासाठी व सांगितलेल्या व्यायामासाठी केला, तरच ती सार्थकी लागते.

हा आराम येतो कोठून? त्वचेवर व स्नायूंवर पडणारा दाब मज्जातंतूंमार्फत पाठीच्या कण्यापर्यंत पोहोचतो आणि वेदनेच्या संदेशाला काही काळ आवर घालतो. श्वास संथ होतो, आखडलेला स्नायू सैलावतो, झोप लागते. आपल्या माणसाचा हात पाठीवरून फिरतो, त्याचाही यात वाटा असतोच. मात्र चोळल्याने सरकलेली चकती जागेवर बसत नाही, चरबी वितळत नाही आणि मोडलेले हाड जुळत नाही.

तेल कोणते, असे पुष्कळजण विचारतात. आपल्या मराठवाड्याच्या मातीतली करडई किंवा तीळ, दोन्ही चालतील. तेलाचे पहिले काम घर्षण कमी करणे हे आहे. दाब सोसवेल इतकाच असावा. चोळून घेणारा दात-ओठ खाऊ लागला, तर हात थांबवावा. मणक्यावर थेट दाब देऊ नये, त्याच्या दोन्ही बाजूंच्या स्नायूंवर द्यावा. पंधरा-वीस मिनिटे पुरेशी होतात. मधुमेहामुळे पाय बधिर झाले असतील, तर तेलाची उष्णता दुसऱ्याने पाहावी आणि शेकणे टाळावे. भाजल्याचे रुग्णाला कळतही नाही. तेलकट पायांनी न्हाणीघरात वृद्धांना एकटे सोडू नये.

आता सर्वांत महत्त्वाचे. एकाच पायाची पोटरी सुजली, दुखू लागली, हाताला गरम लागली, विशेषतः प्लास्टर, शस्त्रक्रिया, बाळंतपण किंवा दीर्घकाळ अंथरुणावर पडून राहिल्यानंतर, तर तिला तेल लावू नका. आतील शिरेत रक्ताची गुठळी असू शकते. चोळल्याने ती सुटून फुप्फुसात गेली, तर काही मिनिटांत प्राण जाऊ शकतो. काही वर्षांपूर्वी दिल्लीत असेच घडले. घोट्याच्या दुखापतीनंतर प्लास्टर घातलेल्या एका तरुणाचा पाय प्लास्टर काढल्यावरही दुखत होता. आईने मायेने तो चोळला आणि मुलगा गेला. त्या माउलीचा हेतू आपल्या प्रत्येक घरातल्यासारखाच होता.

पडल्यानंतर अवयव वाकडा दिसत असेल किंवा त्यावर भार घेता येत नसेल, ताप असेल, पूर्वी कर्करोग झालेला असून नव्याने हाडे दुखत असतील, तर आधी तपासणी, मग तेल. कंबरदुखीसोबत लघवी अडली किंवा मांड्यांमधला भाग बधिर झाला, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. आणि केस कापून झाल्यावर झटका देऊन मान मोडून घेण्याची सवय आजच सोडा. त्या झटक्याने मेंदूकडे जाणारी रक्तवाहिनी फाटू शकते.

दुखणे रेंगाळले, तर जाणकार हात आपल्याच भागात आहेत. नांदेडला शासकीय आयुर्वेद महाविद्यालयाचे रुग्णालय आहे, लातूरला फिजिओथेरपीचे महाविद्यालय आहे. तेथे आधी तपासतात, मग हात लावतात.

घरीही हाच क्रम ठेवू या. यंदा वाटी कोमट करण्यापूर्वी दिव्याच्या उजेडात दोन्ही पाय शेजारी ठेवून पाहा आणि विचारा: दुखते कोठे, केव्हापासून, कशाने? उत्तर ऐका. मग निश्चिंत मनाने तेल लावा, किंवा तितक्याच मायेने वाटी खाली ठेवा.