लांबचे आणि जवळचे

ज्याला आयुष्यातली पहिली लेन्स विकत घ्यायची आहे त्याने दुकानात एकट्याने जाऊ नये, असे म्हणतात. माझे म्हणणे बरोबर उलटे आहे. त्याने एकट्यानेच जावे. फार तर बायकोला न्यावे, कारण ती "पण हे कशाला?" असे विचारते आणि लेन्सच्या धंद्यात हा प्रश्न दुसरे कोणीही विचारीत नाही. जाणकाराला मात्र चुकूनही नेऊ नये.

मी बँकेतला कारकून. बी.कॉम., सेकंड क्लास. रोज नाशिकहून एस.टी.ने त्र्यंबकेश्वरला येतो आणि दिवसभर दुसऱ्यांचे पैसे मोजून परत जातो. एका रिकरिंगची मुदत भरली तेव्हा मी एक सेकंडहँड कॅमेरा घेतला. नवरीबरोबर पाठराखीण यावी तशी त्याच्याबरोबर १८-५५ ची एक लेन्स आली. हिला 'किट लेन्स' म्हणतात. पाठराखिणीकडे जसे कोणी लक्ष देत नाही तसे हिच्याकडेही देत नाहीत.

"ही? ही आधी माळ्यावर टाका," आमचे जाणकार म्हणाले. (प्रत्येक शाखेला असा एक खातेदार असतो. शिल्लक कमी, सल्ला भरपूर.) "अहो, अंजनेरीच्या कड्यावर गिधाडं आहेत, पावसाळ्यात ब्रह्मगिरीवरून पाणी कोसळतं, आणि तुम्ही १८-५५ घेऊन फिरणार? सत्तर-तीनशे घ्या!"

मी किंमत विचारली. साडेअकरा हजार. माझा चेहरा पाहून त्यांनी ठेवणीतले अस्त्र काढले. "दादासाहेब फाळके ह्याच मातीत जन्मले. विम्याची पॉलिसी गहाण टाकली माणसानं! आणि तुम्ही बँकेतले असून साडेअकरा हजारांना कचरता?"

गावाची अब्रू आणि बँकेची अब्रू एकदम पणाला लागली. मी लेन्स घेतली.

पौष वद्य एकादशीला त्र्यंबकला संत निवृत्तिनाथांची यात्रा भरते. थंडी अशी की दात आपोआप टाळ वाजवतात. त्या वर्षी माझी आई गावच्या दिंडीबरोबर चालत येणार होती. वय बहात्तर. "हे शेवटचंच रे," असे ती दर वर्षी म्हणायची, त्यामुळे आम्ही ते मनावर घेत नसू. मी पहाटे उठून रस्त्याच्या कडेला तोफ रोखून उभा राहिलो. दिंडी लांब असताना उजेड नव्हता. उजेड आला तेव्हा दिंडी अंगावर आली होती. आई मला पाहून ओळीतून बाहेर आली आणि हातभर अंतरावर उभी राहून हसली. माझी लेन्स दीड मीटरच्या अलीकडचे काही पाहायलाच तयार नव्हती. मी मागे सरकलो तर मागे उसाच्या रसाची गाडी. लेन्स बदलायला खाली वाकलो आणि वर पाहिले तोवर आई पुढे निघून गेली होती.

माझ्याजवळ त्या दिवसाचे एकशे चाळीस फोटो आहेत. त्यांपैकी एकात आईचे कुंकू दिसते. बाकीच्यांत धुके आहे की माझा हात हलला आहे, हे जाणकारांनाही सांगता आले नाही.

पुढल्या वर्षी आईचे गुडघे गेले. ती आता दिंडीला येत नाही.

नंतर मी कॉमर्सवाल्याच्या पद्धतीने हिशेब मांडून बसलो. ३०० च्या लेन्सने हातात धरून फोटो काढायचा तर शटर निदान सेकंदाच्या तीनशेव्या हिश्श्याचे हवे, लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर चारशे-साडेचारशेव्या. पण ही स्वस्त लेन्स त्या टोकाला एफ ५.६ च्या वर उघडतच नाही. ५० ची साधी लेन्स एफ १.८ ला उघडते. आकडा लहान तितके भोक मोठे. उजेड किती जास्त? सुमारे साडेनऊ पट! साडेनऊ टक्के व्याजासाठी लोक आमच्या काउंटरवर भांडतात, आणि इथे साडेनऊ पट सोडून मी आलो होतो. शिवाय ही लेन्स जुन्या बाजारात पाच हजारांत मिळत होती.

पुढे मी कॅमेऱ्यातले जुने फोटो खतावणीत घातले. कुठला फोटो किती मिलिमीटरवर काढला हे प्रत्येक फोटोबरोबर नोंदलेले असते. किट लेन्सने काढलेल्या चारशे बारा फोटोंपैकी तीनशेच्या वर ३५ ते ५५ च्या मधले. मुलगी, बायको, कुशावर्ताच्या पायऱ्या, गंगाद्वारच्या वाटेवरची माकडे. म्हणजे मला काय हवे होते ते त्या पाठराखिणीला ठाऊक होते. मलाच ते विचारायचे सुचले नाही. सहा महिने तिच्यावर काढा, खतावणी बघा आणि मग पैसे बाहेर काढा. ज्याला खरोखर पक्षीच टिपायचे आहेत त्याने लांबची लेन्स जरूर घ्यावी. मला गिधाडाचा फोटो नको होता, आईचा हवा होता.

आणि फाळक्यांचे नाव घेता, तर पुरते घ्या. ३० एप्रिल १८७० रोजी ते त्र्यंबकला जन्मले हे खरे. पॉलिसी गहाण टाकून १९१२ साली लंडनला गेले, हेही खरे. पण तिथून त्यांनी काय आणले? विल्यमसन कंपनीचा एक कॅमेरा आणि फिल्मला भोके पाडायचे व छपाईचे यंत्र. परत आल्यावर त्यांनी कुंडीत वाटाणा पेरला आणि त्याची वाढ थोडीथोडी करून टिपली. ती फिल्म दाखवून भांडवल उभे केले, आणि ३ मे १९१३ ला गिरगावच्या कॉरोनेशनमध्ये 'राजा हरिश्चंद्र' झळकला. कुंडी घरात होती, कड्यावर नव्हती!

५० ची घेताना मात्र दोन गोष्टी बघा. निकॉनच्या डी ३५०० सारख्या स्वस्त कॅमेऱ्यांत फोकसची मोटार नसते, त्यावर जुनी 'डी' जातीची लेन्स लावली तर फोकस हातानेच फिरवावा लागतो. आणि लेन्समधून उजेडाकडे बघा. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे दिसले तर ती बुरशी. त्र्यंबकच्या पावसात ती वाढतच जाणार. मी माझा कॅमेरा घट्ट झाकणाच्या पापडाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवतो. पापड कुठे ठेवायचे, हा वाद घरात अजून मिटलेला नाही.

परवा आई खिडकीशी बसून तांदूळ निवडत होती. मी ५० ने फोटो काढला. सुरकुती न् सुरकुती आली. तिला दाखवला.

"डोळे मिटलेत की रे," ती म्हणाली. "परत काढ."

सत्तर-तीनशे विकायला काढली आहे. रविवारी एक कॉलेजचा मुलगा बघायला आला होता.

"काका, गिधाडं येतील ना हिच्यात?"

"ठिपक्याएवढी येतील," मी म्हणालो. "बाकी कोणाचे फोटो काढतोस?"

"तसं काही नाही. घरच्यांचेच."

लेन्स अजून पापडाच्या डब्यातच आहे.