दिव्य नाव नको, हक्काची जागा हवी!

डिसेंबर १९३६ मध्ये फैजपूर येथे पंडित नेहरूंच्या अध्यक्षतेखाली काँग्रेसचे अधिवेशन भरले. खेड्यात भरलेले ते पहिलेच अधिवेशन. पुढे त्याच पक्षाचे राज्य मुंबई प्रांतात आले, आणि जानेवारी १९३८ मध्ये लोकल बोर्डांच्या विधेयकातून अस्पृश्यांच्या माथी ‘हरिजन’ हे नाव मारण्यात आले. दादासाहेब गायकवाडांनी विरोध केला. तो बहुमताच्या बळावर डावलला गेला, तेव्हा स्वतंत्र मजूर पक्षाने सभात्याग केला. नाव गोड झाले म्हणून पाणवठा खुला होतो काय?

तोच प्रकार आज अपंगांच्या वाट्यास आला आहे. डिसेंबर २०१५ मध्ये पंतप्रधानांनी त्यांना ‘दिव्यांग’ ही पदवी दिली. कचेऱ्यांच्या पायऱ्या मात्र जागच्या जागी राहिल्या. २०१६ च्या कायद्याने जुन्या सार्वजनिक इमारती पाच वर्षांत सुगम करण्यास फर्मावले. मुदत २०२२ मध्ये उलटली. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयास सांगावे लागले की, सुगमतेचे नियम बंधनकारक असलेच पाहिजेत; नुसत्या शिफारशी चालणार नाहीत.

असे का होते? ज्याला पायरी चढता येत नाही, तो निर्णयाच्या आसनावर नाही म्हणून. बच्चू कडू यांनी स्वतः अपंग नसूनही या प्रश्नावर आंदोलने केली. त्याचे मोल आम्ही मानतो. परंतु कैवारी निराळा आणि प्रतिनिधी निराळा. अस्पृश्यांचे प्रतिनिधित्व अस्पृश्यांनीच करावे, हे बाबासाहेबांनी १९१९ साली साउथबरो समितीपुढे मांडले होते. तोच न्याय येथेही लागू आहे. आणि अपंगाच्या अंगी पात्रता नाही, असे कोणी म्हणू नये. दृष्टिहीन साधन गुप्त १९५३ साली कलकत्त्याहून लोकसभेवर निवडून आले. कुबड्या घेऊन चालणारे जयपाल रेड्डी केंद्रात मंत्री झाले.

तामिळनाडूने २०२५ मध्ये स्थानिक संस्थांत अपंगांसाठी नियुक्त जागा ठेवण्याचा कायदा केला. फैजपूरच्या नगरपरिषदेत व भोवतालच्या ग्रामपंचायतींत अपंग सभासद का नसावा? स्थानिक संस्थांनी स्वउत्पन्नाचे ५ टक्के अपंगांसाठी खर्चावेत, असा शासनाचा आदेश आहे. तो पैसा कशावर खर्चावा, हे अपंगांनीच ठरवावे. ते दान नव्हे.

आता घरातलेही बोलू. २०११ च्या जनगणनेत अपंगांचे प्रमाण एकूण लोकसंख्येत २.२१ टक्के, तर अनुसूचित जातींत २.४५ टक्के होते. हा प्रश्न आपल्याच वस्तीत अधिक आहे. १९५६ साली नागपुरास आपण जात हे पूर्वजन्मीच्या पापाचे फळ मानणारा धर्म टाकला. मग लंगड्या मुलाकडे पाहून ‘कर्माचे भोग’ हे शब्द आपल्या ओठी कसे येतात? आपल्या विहारास उतार आहे काय? आपल्या पक्षांच्या उमेदवारांच्या यादीत एखादा अपंग आहे काय?

येत्या प्रत्येक निवडणुकीत दारी येणाऱ्यास हेच विचारा. दयेची भाषा करील त्यास परत पाठवा. जागा देण्यास तयार असेल, त्यालाच मत द्या.