आडोसा हिरवाच बरा

जुन्या वाड्याला आडोसा वेगळा करावा लागत नसे. रस्त्याच्या बाजूला भिंत आणि दिंडीदरवाजा, आणि चौक घराच्या पोटात. पापड वाळत घाला, न्हालेले केस सुकवत बसा, नाही तर सासूसुनांनी दोन घटका बोलत बसा. रस्त्यावरच्या माणसाला पत्ता लागायचा नाही. (शेजारच्या बिऱ्हाडाला सगळे ऐकू जायचे, ती गोष्ट वेगळी!) १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले, नदीकाठचे कितीतरी वाडे गेले आणि पुणेकर पेठा सोडून बाहेरच्या वसाहतींत अधिकच जाऊ लागला. तिथे त्याने बंगला बांधला. बंगल्याची तऱ्हा वाड्याच्या नेमकी उलटी. घर मधे आणि अंगण बाहेर!

तरी शेजारी बैठे बंगले होते तोवर चालून गेले. आता कोथरूडच्या आमच्या बाजूला त्या बंगल्यांच्या जागी उंच इमारती झाल्या आहेत. आमच्या मागेही एक झाली. बाल्कनीत उभ्या राहणाऱ्यांचा यात काय दोष? आपल्या बाल्कनीत उभे राहायचे नाही तर कुठे? पण झाले असे, की ऐंशीच्या घरातल्या माझ्या सासूबाई रोज चार वाजता मागच्या अंगणात वाती वळत बसायच्या, त्या हळूहळू आत बसू लागल्या. तक्रार नाही, की कुरकूर नाही. विचारले तर म्हणायच्या, "आत बरं वाटतं गं." घरातले एक माणूस उजेडातून उठून अंधाऱ्या खोलीत जाऊन बसते, हे काही लहानसहान नुकसान नव्हे.

'ह्यां'चे म्हणणे, कंपाउंडची भिंत उंच करून टाकू. मग आम्ही कागदपेन्सिल घेऊन हिशेब मांडला. तोच तुमच्यापुढे ठेवते, कारण सारी मेख त्यातच आहे. समजा, कंपाउंड तुमच्या खुर्चीपासून वीस फुटांवर आहे, आणि त्याच्या पलीकडे आणखी वीस फुटांवर, जमिनीपासून पस्तीस फूट उंचीवर कुणी उभे आहे. बसलेल्या माणसाचे डोके सुमारे चार फुटांवर येते. ते झाकायचे तर कंपाउंडपाशी जवळजवळ वीस फूट उंच भिंत हवी! पण तोच आडोसा खुर्चीपासून चार फुटांवर केला, तर सात-साडेसात फूट पुरतात. म्हणून सांगते, आडोसा कुंपणापाशी नव्हे, बसायच्या जागेपाशी करावा. साऱ्या घराला परकर नेसवायचे कारण नाही.

शिवाय भिंत वारा अडवते आणि उन्हाने तापते. झाडाच्या पानांतून वारा येतो, आणि पाहणाऱ्याची नजर मात्र तेवढ्यात अडते.

आता झाडे कोणती? आपल्याकडे माळी रोज यायचा नाही आणि आपल्यालाही वेळ नाही, हे धरूनच सांगते. एक गोष्ट आधी ध्यानात ठेवा. कुंपण जितके नीटनेटके, तितकी कात्री जास्त. कोयनेल किंवा ड्युरांटाची कातरलेली हिरवी भिंत दिसते झकास, पण पावसाळ्यात ती सारखी कातरावी लागते. ज्यांना तो उरक नसेल त्यांनी मोकळी वाढणारी झुडपे घ्यावीत.

त्यांत माझी पहिली पसंती तगरीला. बारा महिने हिरवी, अर्धवट सावलीतही तग धरणारी आणि देवपूजेला पांढरी फुले देणारी. तीन-तीन फुटांवर लावली की दोन-तीन वर्षांत फांद्या एकमेकींत मिसळतात. दुसरा अडुळसा. याला शेळीसुद्धा तोंड लावत नाही, आणि खोकल्याच्या काढ्यासाठी आपल्या आजीला तो ठाऊक होताच. तिसरी कुंती, नर्सरीत तिला कामिनी म्हणतात. लिंबाच्या कुळातली, पाने दाट, आणि बहर आला की संध्याकाळी सारे अंगण घमघमते. ती वाढते मात्र सावकाश, तेव्हा घाई असलेल्यांनी तिच्यावर विसंबू नये. जास्वंदही चांगली, पण तिच्यावर पिठ्या ढेकूण पडतो, त्यावर लक्ष ठेवावे लागते.

वरून येणाऱ्या नजरेला झुडूप पुरत नाही, तिथे वेल हवा. आम्ही खुर्चीच्या जागेवर लोखंडी नळ्यांचा आठ फुटी मांडव घातला, वर तारा ओढल्या आणि दोन कोपऱ्यांत मधुमालती लावली. तिची फुले पांढरी उमलतात, मग गुलाबी होतात आणि शेवटी लाल. दुसऱ्या पावसाळ्यात मांडव भरला. वर्षातून एकदा छाटणी केली की तिचे दुसरे मागणे नसते. त्या वर्षीच्या दसऱ्याला सासूबाईंनी आपली खुर्ची आपण होऊन बाहेर मागितली.

काही झाडांपासून मात्र सावध. कण्हेर आणि पिवळी बिट्टी पाण्यावाचून जगतात, पण दोन्ही विषारी. घरात रांगते मूल असेल तर नकोच. शेराचा चीक डोळ्यांना घातक. घाणेरी शोभेचे झुडूप म्हणून या देशात आली आणि रानेच्या राने गिळून बसली; तिला घरी बोलावू नका. फायकस आणि वड-पिंपळाची जात भिंतीजवळ लावू नये, मुळे पाया आणि गटारे शोधत जातात. बोगनवेल रस्त्याच्या बाजूला छान. पाणी कमी मिळाले तर ती उलट अधिक फुलते, पण काट्यांमुळे फाटकापासून चार हात दूरच बरी.

लावणी मृगाच्या पावसाबरोबर करावी, म्हणजे पहिले चार महिने पाण्याची चिंता पावसाला. अडुळशाच्या पेन्सिलीएवढ्या जाडीच्या वीतभर काड्या तेव्हा सहज जगतात. मग दिवाळीत काय करायचे? दोन कामे. पहिले, सुट्टीत एक दिवस अंगणात नेहमीच्या जागी बसून नजर नेमकी कुठून येते ते पाहून ठेवा. दुसरे, मांडव उभारून घ्या. उन्हाळ्यात दीड-दीड फुटाचे खड्डे खणून तापू द्या, आणि पावसाच्या तोंडावर शेणखत घालून भरा. पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यातून दोनदा पोटभर पाणी द्यावे. रोज शिंपडलेल्या पाण्याने मुळे वरच्या वर राहतात आणि झाड लाडावते. बुंध्याशी पालापाचोळा पसरला की ओल टिकते, आणि भाज्या धुतलेले पाणीही वाया जात नाही.

शेवटचे सांगणे शेजाऱ्यांविषयी. झाड लावण्याआधी त्यांच्या कानावर घाला. पाने त्यांच्या अंगणात पडणार, सावली त्यांच्या तुळशीवर जाणार, हे आधी बोललेले बरे. आणि कुंपणात माणूस जाईल एवढी एक फट मुद्दाम राखा. विरजण मागायला आणि दिवाळीचे ताट द्यायला ती लागतेच. आडोसा नजरेला असावा, माणसाला नसावा.